चाळीस वर्षं आणि दोन तास

9 ऑक्टोबर 2024 रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यांत बुलढाणा, जालना आणि वाशिम ही तीन होती. नकाशावर ही तीन शहरं रेघांनी जोडली, तर होणाऱ्या त्रिकोणात लोणार तालुक्यातलं सुलतानपूर येतं. साधारण मेहकर आणि लोणारच्या मधोमध, भोवती सोयाबीन, कापूस, तूर. मेहकरकडून लोणारचं सरोवर बघायला जाणाऱ्या गाड्या इथूनच पुढे जातात. या भागातल्या मुलामुलींना तोवर सरकारी महाविद्यालयात डॉक्टर व्हायला औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), अकोला किंवा नागपूर गाठावं लागायचं, आणि मोठ्या दुखण्याच्या रुग्णालाही तिकडेच न्यावं लागायचं. आता विद्यार्थी जवळ आले आहेत. हृदयाच्या धमन्यांचा आजार त्यांना कसा शिकवावा, हा प्रश्न म्हणून मला महत्त्वाचा वाटतो, आणि या प्रकरणात तो आजार मी सुलतानपूरपासून समजावून सांगणार आहे.

आपल्याकडे हा आजार तुकड्यातुकड्यांनी शिकवला जातो. धमनीच्या भिंतीत काय बिघडतं ते विकृतिशास्त्रात, औषधं औषधशास्त्रात, तंबाखू आणि रक्तदाब सामुदायिक वैद्यकात, आणि छातीवर हात धरून आलेला माणूस शेवटच्या वर्षांत वॉर्डात. परीक्षा संपेपर्यंत हे तुकडे जोडायचं राहून जातं. वॉर्डात विद्यार्थ्याला दिसतो तो आजाराचा शेवटचा दिवस. त्याआधीची चाळीस वर्षं त्याने पाहिलेलीच नसतात, आणि घरातून निघून दवाखान्याच्या दारापर्यंत येण्यात गेलेले तासही नाहीत. माझ्या मते शिकवायचं ते नेमकं हेच.

सुरुवात भिंतीपासून करू. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतं, आणि त्याच्या स्नायूला स्वतःचं रक्त दोन धमन्यांतून मिळतं. डावीचं खोड थोडं पुढे जाऊन दुभंगतं. त्यातली पुढच्या बाजूने खाली उतरणारी फांदी डाव्या कप्प्याच्या मोठ्या भागाला पोसते. या धमन्यांची मुख्य नळी तीन-चार मिलिमीटर रुंद. बाकी शरीराला रक्त मिळतं हृदय आकुंचन पावताना. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला मात्र ते मुख्यतः हृदय सैल होतं त्या वेळी मिळतं. ठोके वाढले की सैल होण्याचा वेळ कमी होतो. गरज वाढते त्याच वेळी पुरवठ्याची सवड आखडते. चढावर किंवा ओझं उचलताना छाती का भरून येते, याचं उत्तर इथे आहे.

धमनी म्हणजे गंजत जाणारा नळ, आतून गाळ साचत साचत एक दिवस बंद होणारा, हे चित्र जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात असतं. ते चुकीचं आहे आणि त्यातून चुकीचे उपचार निघतात. चरबी नळीच्या पोकळीत साचत नाही, ती भिंतीच्या आत शिरते. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण आतल्या नाजूक अस्तराखाली जाऊन अडकतात, तिथे त्यांचं ऑक्सिडीकरण होतं, शरीराच्या संरक्षक पेशी ते गिळायला धावतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. उरतो तो चरबीचा मऊ गोळा, आणि त्यावर शरीर तंतूंचं एक झाकण विणतं. धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि मधुमेह अस्तराला इजा करत राहतात, आणि ही सगळी प्रक्रिया वेग धरते.

हे किती लवकर सुरू होतं? कोरियाच्या युद्धात मेलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी 1953 साली प्रसिद्ध झाली. सरासरी वय 22, आणि सुमारे 77 टक्के हृदयांच्या धमन्यांत या आजाराच्या काही ना काही खुणा. धडधाकट, लढाईसाठी निवडून घेतलेली ही पोरं. त्यांच्यापैकी कुणाच्या छातीत दुखत असण्याचं कारणच नव्हतं.

दुखत का नव्हतं, याचं उत्तर 1987 साली शिकागोच्या सेमूर ग्लागोव्ह यांनी दिलं. भिंतीत चरबी वाढते तशी धमनी बाहेरच्या बाजूला फुगते आणि रक्ताची वाट मोकळी ठेवते. आतल्या जागेचा सुमारे 40 टक्के भाग चरबीने व्यापला तरी पोकळी फारशी अरुंद होत नाही. म्हणजे आजार पुष्कळ वाढलेला असतो आणि माणूस मात्र फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर कापसात चालत असतो. व्यास सत्तर टक्क्यांच्या आसपास घटला की श्रमाच्या वेळी छाती आवळते आणि थांबलं की मोकळी होते. याला अंजायना म्हणतात.

पण विद्यार्थ्याच्या मनावर ठसायला हवी ती यापुढची गोष्ट. हार्ट अटॅक येण्यासाठी धमनी आधी नव्वद टक्के बंद असावीच लागते असं नाही. बरेच झटके अशा जागी येतात, जिथे आदल्या दिवशीपर्यंत रक्त बऱ्यापैकी वाहत होतं. चरबी मऊ, झाकण पातळ, दाह चालू. ते झाकण फाटतं. आतला माल रक्ताच्या संपर्कात येतो, रक्ताला वाटतं जखम झाली, आणि ते आपलं नेहमीचं काम करतं: गुठळी बांधतं. तीन मिलिमीटरची वाट काही मिनिटांत बंद. काल ज्याचा स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट चांगला होता त्याला आज झटका येऊ शकतो तो यामुळे. ज्ञानाने किंवा हुद्द्याने यातून सूट मिळत नाही. हजारो हृदयांवर शस्त्रक्रिया केलेले मुंबईचे डॉ. नीतू मांडके 2003 साली हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले, वयाच्या साठीच्या आत.

आपल्या लोकांत हे लवकर घडतं. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई रुग्णांचं पहिल्या झटक्याचं मध्यम वय 53 निघालं, बाकीच्या जगातल्या रुग्णांचं जवळपास 59. सहा वर्षांचा हा फरक. त्यामागे फार गूढ काही सापडलं नाही. तंबाखू, रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्यांची आणि व्यायामाची कमतरता, हीच ओळखीची कारणं आपल्याकडे कमी वयात गाठतात. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू, पुडी आणि बिडी बांधाबांधावर आहे. तंबाखू तोंडातूनच घेतो, धूर कुठे ओढतो, असं म्हणणाऱ्याला विद्यार्थ्याने ठामपणे सांगावं, की इंटरहार्टमध्ये चघळायची तंबाखूही झटक्याचा धोका वाढवताना दिसली.

आता दुसरं घड्याळ, वर्षांचं नव्हे, तासांचं. धमनी बंद झाल्यावर मिनिटभरात त्या भागातला स्नायू आकुंचन थांबवतो. वीस ते चाळीस मिनिटांनी पेशी कायमच्या मरू लागतात. मरण आतल्या थरापासून सुरू होतं आणि बाहेरच्या थराकडे सरकत जातं. सहाएक तासांत त्या धमनीवर जगणारा बहुतेक स्नायू गेलेला असतो. मेलेल्या जागी पुढे व्रण तयार होतो आणि व्रण आकुंचन पावत नाही. याच काळात, विशेषतः पहिल्या तासात, हृदयाची विद्युतव्यवस्था कोलमडून माणूस अचानक कोसळू शकतो. घरी किंवा वाटेत होणारे कितीतरी मृत्यू याच कारणाने होतात, आणि विजेचा धक्का देणारं यंत्र तिथे असेल तरच ते टळतात.

समजा, सुलतानपुरातल्या एका पन्नाशीच्या शेतकऱ्याला पहाटे चारला जाग येते. छातीच्या मधोमध दाब, डावा हात जड, अंगाला दरदरून घाम. तो बायकोला म्हणतो, “छातीवर वझं ठेवल्यावानी वाटून राहिलं.” ती म्हणते, “रात्रीचं पित्त झालं असंल, आलं-लिंबू देते.” सोडा घेतला जातो. पोट चोळलं जातं. साडेपाचला लेक उठतो, सहाला शेजाऱ्याची गाडी मिळते. दोन तास इथेच गेले, आणि अजून कोणत्याही डॉक्टरने काहीही केलेलं नाही. पाठ्यपुस्तकात या दोन तासांना ओळदेखील मिळत नाही. बाई असती, किंवा जुना मधुमेही असता, तर दुखलंही नसतं कदाचित. नुसता दम, मळमळ, गळून गेल्यासारखं. मग सहाऐवजी दहा वाजले असते.

हा वेळ किती मोलाचा, याचे आकडे आहेत. गुठळी विरघळवणारं औषध दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या तासात मिळालं तर दर हजार रुग्णांमागे सुमारे 65 जीव वाचतात. दुसऱ्या तासात हा आकडा 37 वर येतो, पुढे तीसच्याही खाली. औषध तेच. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-2 या चाचणीत 17,187 रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन दोन्ही दिलेल्यांत पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने 8 टक्के मेले, दोन्ही न दिलेल्यांत 13 टक्क्यांहून थोडे जास्त. त्यात एकट्या ॲस्पिरिननेही मृत्यू जवळपास पावपट कमी केले. काही पैशांची गोळी! म्हणून झटक्याचा संशय आला, आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसेल, तर 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला देतात. गिळण्यापेक्षा चावल्याने ती लवकर रक्तात जाते. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट मात्र तशी निरुपद्रवी नाही. हृदयाच्या खालच्या आणि उजव्या भागाचा झटका असेल, रक्तदाब आधीच घसरलेला असेल, तर त्या एका गोळीने माणूस बेशुद्ध पडू शकतो. रक्तदाब मोजल्याशिवाय ती देऊ नये, हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

आता आपला रुग्ण लोणारला किंवा मेहकरला सरकारी रुग्णालयाच्या टेबलावर आहे असं धरू. दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी, हा नियम. वाचायला सोपा आहे. प्रत्यक्षात छाती घामाने निथळत असते, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत, माणूस तळमळतो आणि पट्टीवर रेघ थरथरते. आधी कापसाने छाती कोरडी करायची, गरज पडली तर केस काढायचे. चौथ्या बरगडीखालची फट बोटाने मोजून पहिले दोन इलेक्ट्रोड छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना लावायचे. घाईत ते हमखास वर सरकतात आणि पट्टी खोटं बोलते. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर धावतो, छोटा चौकोन एक मिलिमीटरचा. प्रत्येक ठोक्याच्या टोकदार सुळक्यानंतर रेघ मूळ पातळीवर परत यायला हवी. ती एक मिलिमीटर किंवा जास्त वर राहिली, तेही शेजारशेजारच्या दोन लीडमध्ये, तर मोठी धमनी पूर्ण बंद असल्याचा संशय घ्यायचा (छातीवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या लीडमध्ये यापेक्षा जास्त उंची लागते). खालच्या भागाच्या लीडमध्ये रेघ वर दिसली तर एक इलेक्ट्रोड छातीच्या उजव्या बाजूला लावून पुन्हा पट्टी काढायची. आणि पहिली पट्टी साफ असूनही दुखणं चालूच असेल, तर रुग्णाला घरी पाठवायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पट्टी. झटक्याच्या सुरुवातीची पट्टी साफ असू शकते, आणि “ईसीजी नॉर्मल आहे, गॅसेस असतील” या वाक्यानंतर माणसं गेलेली आहेत.

पट्टीचा फोटो मोबाइलवरून हृदयरोगतज्ज्ञाला जातो आणि आता सुलतानपूरचं अंतर निर्णयात उतरतं. उत्तम उपचार तातडीची अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने धमनी उघडणं, पण निदानापासून 120 मिनिटांत तार बंद धमनीतून पार होणार असेल तरच. छत्रपती संभाजीनगर इथून सुमारे दीडशे किलोमीटर. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि तो मेहकर तालुक्यातूनच जातो, त्यामुळे रस्त्यातला वेळ वाचतो. तरी 108 ची रुग्णवाहिका येणं, रुग्ण चढवणं, शहरातली गर्दी, अँजिओप्लास्टी करणाऱ्या कॅथलॅबची टीम जमणं, हे सगळं धरून पहाटे 120 मिनिटं पाळता येतील का? प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा “नाही” असंच येईल. मग इथेच, याच टेबलावर, गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं. टेनेक्टेप्लेज असेल तर वजनाप्रमाणे एकच इंजेक्शन; स्ट्रेप्टोकायनेज असेल तर 15 लाख युनिट, तासाभरात, शिरेतून. त्याआधी विचारायचं: पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला आहे का, अलीकडे डोक्याला मार, मोठी शस्त्रक्रिया, पोटातून रक्त? या औषधाने शंभरात साधारण एकाला मेंदूत रक्तस्राव होतो, आणि तो धोका नातेवाइकांना सांगूनच पुढे जायचं. औषध दिल्यावर रुग्ण ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवायचा. गुठळी विरघळली असेल तर 2 ते 24 तासांत अँजिओग्राफी, नसेल तर पोचताक्षणी अँजिओप्लास्टी.

दीडशे किलोमीटरवरचा श्रेष्ठ उपचार आणि हाताशी असलेला थोडा कमी प्रभावी उपचार यांत दुसरा निवडायला धैर्य लागतं. “पुढे घेऊन जा” हे तीन शब्द तरुण डॉक्टरला फार सोपे वाटतात, जबाबदारी पुढे जाते. ते धैर्य परीक्षेच्या प्रश्नातून येत नाही. वरिष्ठ शेजारी उभे असताना स्वतःच्या हाताने इंजेक्शन दिल्याने येतं. बुलढाण्याच्या, जालन्याच्या विद्यार्थ्यांनी इंटर्नशिप संपण्याआधी ते दिलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

अँजिओप्लास्टीचा इतिहास विद्यार्थ्यांना सांगावा, कारण तो त्यांच्याच वयाच्या माणसापासून सुरू होतो. 1929 साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावात 25 वर्षांच्या वेर्नर फोर्समानने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी आत सरकवली आणि क्ष-किरण खोलीपर्यंत चालत जाऊन ती हृदयात पोचल्याचं चित्र काढून घेतलं. 1956 मध्ये त्याला नोबेल मिळालं. 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुएंट्झिगने 38 वर्षांच्या रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. भारतात डॉ. के. एम. चेरियन यांनी 1975 मध्ये पहिली बायपास शस्त्रक्रिया केली आणि डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलरिकल यांनी 1986 मध्ये पहिली अँजिओप्लास्टी, दोन्ही चेन्नईत.

आता नळाच्या त्या चुकीच्या चित्राचा हिशेब करू. चालू झटक्यात अँजिओप्लास्टी जीव वाचवते, यात शंका नाही. पण ज्याचं दुखणं स्थिर आहे, श्रमाला येतं आणि विश्रांतीने जातं, त्याच्या धमनीत सत्तर-ऐंशी टक्के ब्लॉकेज दिसलं म्हणून लगेच स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) टाकल्याने आयुष्य वाढतं का? 2007 च्या करेज आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया या मोठ्या चाचण्यांत तसं दिसलं नाही. चांगल्या औषधोपचाराच्या तुलनेत मृत्यू कमी झाले नाहीत. दुखणं मात्र जास्त कमी झालं. कारण स्टेंट एका जागेवर बसतो आणि आजार सगळ्या भिंतींत असतो. डाव्या मुख्य खोडातलं ब्लॉकेज, दुबळं झालेलं हृदय, मधुमेहासह तीनही धमन्यांचा आजार, इथे हिशेब वेगळा असतो आणि बऱ्याचदा बायपासच सरस ठरते. अँजिओग्राफीच्या टेबलावर “आत्ताच टाकून घ्या” असं ऐकणाऱ्या घरच्यांना हा फरक समजावणारा डॉक्टर आपल्या भागात हवा.

पैशाची अडचण पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली. त्याआधी एका स्टेंटला लाखाच्या वर मोजलेली घरं आहेत. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि आज महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्हींचा खर्च उचलते. रेशनकार्ड आणि आधार घरात कुठे ठेवलं आहे ते लेकाला माहीत असणं, हीदेखील हृदयरोगाची तयारीच.

खरी गळती त्यानंतर होते. रुग्ण घरी येतो, महिनाभर गावकरी भेटायला येतात, छाती दुखत नाही. गोळ्यांची पिशवी खुंटीला टांगलेली. सोयाबीनला भाव पडला की पहिली काटछाट त्या पिशवीत. ॲस्पिरिनसोबतची रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी साधारण वर्षभर लागते. ती डॉक्टरला न विचारता मध्येच सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ती फार घातक असते. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी रिपोर्ट चांगला आला म्हणून थांबवायची नसते. ती घेतली जाते म्हणूनच रिपोर्ट चांगला आलेला असतो. जपानमधल्या शेतकरी घरातल्या अकिरा एन्दो यांनी हजारो बुरशी तपासून 1973 मध्ये या वर्गाचं पहिलं औषध शोधलं. 1994 च्या एका चाचणीत, हृदयरोग असलेल्या 4,444 रुग्णांवर पाचेक वर्षांत, स्टॅटिनने मृत्यू 30 टक्क्यांनी कमी केले. ही गोळी भिंतीतली चरबी कमी करते आणि झाकण बळकट करते. म्हणजे चाळीस वर्षांच्या त्या प्रक्रियेवरच ती काम करते, सगळ्या धमन्यांत, एकाच वेळी.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबं दिली जातात. ते काम बऱ्याचदा तक्ते भरण्यात संपतं. त्याऐवजी विद्यार्थ्याने झटका येऊन गेलेल्या एखाद्या रुग्णाच्या घरात बसून पिशवीतल्या गोळ्या मोजाव्यात, मागच्या महिन्यात किती दिवस चुकले ते विचारावं, तंबाखू सुटली का पाहावं. मग पहाटे चारला निघालो तर पहिल्या ईसीजीपर्यंत किती वेळ लागेल, गाडी कुणाची, 108 ला फोन कोण लावील, हे घरच्यांसोबत कागदावर लिहावं.

आणि त्याच घरात झटका आलेल्या माणसाचे अठ्ठावीस-तीस वर्षांचे मुलगे असतात. वडिलांना पंचावन्नच्या आत किंवा आईला पासष्टच्या आत हा आजार झाला असेल, तर मुलांचा धोका इतरांपेक्षा जास्त धरतात. त्यांच्या छातीत काही दुखत नसतं, त्यांना कुणी बोलावलेलंही नसतं. रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळायचा तो त्यांच्या. साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायचं ते त्यांचं. आणि खिशातली पुडी कोणत्या वर्षी सुरू झाली हे विचारायचं तेही त्यांनाच.